'शे' ही चूक नव्हती

नंदुरबारला पाचवीत असताना मी वर्गात 'वही घरी शे' म्हणालो आणि सगळे हसले. बाईंनी 'आहे' दहा वेळा लिहून घेतलं. त्यानंतर आजी सोडून कुणाशीच मी अहिराणी बोललो नाही.

मागच्या वर्षी पुण्यात, ऑफिसच्या बसमध्ये, फोनवर ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग उघडला. साल १९०७. भिल्ली आणि खानदेशीचा हा भाग स्टेन कोनो या नॉर्वेच्या अभ्यासकानं तयार केला. त्यानं खानदेशीवरचा मराठीचा प्रभाव नोंदवला, पण तिला मराठीची बोली न मानता भिल्लीसोबत, गुजराती-राजस्थानीच्या शेजारी बसवलं. २०११च्या जनगणनेतही ती मराठीपासून वेगळीच मोजली आहे. म्हणजे माझं 'शे' हे बिघडलेलं 'आहे' नव्हतंच. ते गुजराती 'छे'चं भावंड. शंभर वर्षांपूर्वी छापलेली गोष्ट आमच्या वर्गापर्यंत पोचली नव्हती, एवढंच.

म्हणून ग्रिअर्सनला डोक्यावर घ्यायचं का? त्याची पद्धत मला टेस्टिंगसारखी वाटते. बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट प्रत्येक बोलीत करून घ्यायची आणि फरक बघायचा. क्रियापदं, सर्वनामं तपासायला हे झकास. पण नमुने आले सरकारी अधिकाऱ्यांमार्फत. भाषा दिसते, बोलणारा माणूस दिसत नाही. आणि ती भाषा दुसऱ्याचीच गोष्ट सांगत राहते. जिथे स्थानिक कथा किंवा गाण्याचा दुसरा नमुना मिळतो, तिथेच ती मोकळी होते.

गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड (२०१३, संपादक अरुण जाखडे) नेमकं उलट करतो. तिथे गाणी, म्हणी, नात्यांचे शब्द येतात, आणि लिहिणारे बहुतेक त्या भाषेच्या जवळचे. वाचताना घरी आल्यासारखं वाटतं. पण दोन बोलींची क्रियापदं शेजारी ठेवायला जावं, तर सारखी माहिती हाताला लागत नाही. जिव्हाळा आहे, शिस्त कमी पडते.

मला दोन्ही हवंय. जिव्हाळ्यानं आजी परत मिळते. पण बाईंना उत्तर द्यायला कोनोची कोरडी कोष्टकंच लागतात.

हे टाइप करताना फोन 'शे'चं 'शेत' करतोय. बाईंना माहीत नव्हतं. हा कीबोर्ड मात्र माझ्याच धंद्यातल्या लोकांनी बनवलाय.