निरुपयोगी संशोधनाचे मूल्य : आगरी बोलीच्या निमित्ताने

पनवेलनजीकच्या कामोठे येथील मूळ गावठाणातील आगरी बोलीत 'घोड्या'चा 'घोरा' होतो, 'गाडी'ची 'गारी' होते; 'डोळा' मात्र 'डोला' होतो, 'रोला' होत नाही. शब्दारंभीचा ड टिकतो. दोन स्वरांमधील ड तेवढा र बनतो. ही नोंद केल्याने कोणाचे काय साधले, या प्रश्नास संशोधनाचे कैवारी सामान्यतः जे उत्तर देतात ते कसोटीस उतरत नाही.

आजचे निरुपयोगी ज्ञान उद्या उपयोगी पडते, हे ते उत्तर होय. अपोलोनियसची शंकुच्छेदांची भूमिती अठराशे वर्षांनी केप्लरच्या कामी आली, हा त्याचा आवडता दाखला. (केप्लरच्या लंबवर्तुळांनी तत्काळ कोणाचे शेत पिकले, हे कोणी विचारीत नाही !) दाखला खरा असला तरी युक्तिवाद दुबळा आहे. तो प्रतिपक्षाचेच माप स्वीकारतो. आणि जे संशोधन कधीच कामी येणार नाही त्यास वाऱ्यावर सोडतो.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड स्टेन कोनो यांनी सिद्ध केला व तो 1905 मध्ये प्रसिद्ध झाला. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील आगरीस त्यात स्थान मिळाले. त्याचे दोषही लहान नाहीत. उधळ्या पुत्राच्या बायबलमधील दृष्टान्ताचे भाषांतर हा नमुन्यांचा मुख्य आधार. ते सरकारी यंत्रणेमार्फत गोळा झालेले. ज्या आगरावरून जमातीस नाव मिळाले त्या मिठागराची शब्दसंपदा अशा कथेत यावी कोठून ? तथापि राज्यकारभारास ज्याचा क्वचितच उपयोग झाला असेल, अशा या उद्योगाने एक गोष्ट साधली : 'अशुद्ध' म्हणून हिणवलेली बोली इतर बोलींच्या पंक्तीस बसवून तपासण्याजोगी केली. भोजपुरीतही 'घोरा' आहे. परस्परांपासून इतक्या दूरच्या बोलींत एकच विकार का व्हावा, हा प्रश्न अशा नोंदींवाचून उभाच राहत नाही. येथे जिभेचा आळस नसून नियम आहे, एवढे कळणे हेच त्या श्रमाचे फळ ; त्यास दुसऱ्या फळाची जोड हवी असे नाही.

1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, भूसंपादन झाले, आणि मानसरोवर व खांदेश्वर या स्थानकांच्या परिसरात कामोठ्याची वसाहत उभी राहिली. शेती आणि मिठागरे मागे हटली. शाळेत जाणारे मूल 'घोडा' म्हणू लागले. त्याबद्दल त्यास दोष देण्याचे कारण नाही. परंतु आकाशातील ग्रह पुढील पिढीसाठीही थांबतो. मिठागरात राबलेल्या वृद्धाचा उच्चार थांबत नाही. तो ध्वनिमुद्रणासह, मिठागराच्या शब्दांसह, आताच टिपला पाहिजे. आणि त्यासाठीच्या अनुदानाच्या अर्जात 'अपेक्षित उपयोग' हा रकाना कोरा ठेवण्याची मुभा असली पाहिजे.