मेत्तेय्याचे भाकीत आणि येशूचे प्रामाण्य

बुलढाणा जिल्ह्यातील उपासक-उपासिकांकडून एक प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. मेहकर, चिखली, खामगाव या भागांत हातोहात फिरणाऱ्या ख्रिस्ती प्रचारपत्रकांत असे प्रतिपादन असते की, येशू ख्रिस्ताचे आगमन प्राचीन धर्मग्रंथांनी आधीच सांगून ठेवले होते. यहुद्यांच्या संदेष्ट्यांनी ते सांगितले, हिंदूंच्या भविष्यपुराणाने सांगितले, आणि स्वतः भगवान बुद्धांनीही मेत्तेय्य या नावाने सांगितले. सर्व दिशांनी आलेले हे साक्षीदार एकाच व्यक्तीकडे बोट दाखवितात, म्हणून तिचा धर्म सत्य होय, असा त्यातील युक्तिवाद. जो बुद्धाला मानतो त्याने बुद्धाच्याच शब्दाखातर येशूला मानावे, असे त्यातून ओघानेच निघते. या युक्तिवादाला काय उत्तर द्यावे, असे आमचे वाचक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याची परीक्षाही प्रामाणिकपणे व्हावयास हवी. तीत आपल्या घरचीही काही भाकिते तपासावी लागतील, हे आरंभीच सांगून ठेवतो.

वऱ्हाडात ज्या मिशनने सर्वाधिक काम केले त्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचा उगमच भाकितावरील श्रद्धेत आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत या कार्याचा पाया घातला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील चोविसाव्या अध्यायात सर्व राष्ट्रांना सुवार्ता ऐकविली गेल्यावर शेवट येईल असे वचन आहे. ते ऐकविण्याचे काम जितक्या लवकर पुरे होईल तितके ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ येईल, अशी त्यांची दृढ भावना होती. अकोला, खामगाव, मलकापूर या गावी परदेशी माणसे येऊन राहिली त्यामागे ही निकड होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांनी वऱ्हाडातील अनाथ मुलांना आसरा दिला, हेही तितकेच खरे आहे आणि ते आपण कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे.

धर्माच्या प्रामाण्याचा वाद मराठीला नवा नाही. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन यांच्याशी वाद केला. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांची मुंबईच्या समुद्रकिनारी जाहीर चर्चा झाली. बंगालमधील कृष्णमोहन बॅनर्जी यांनी १८७५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वेदांतील प्रजापतीच्या आत्मयज्ञात ख्रिस्ताच्या बलिदानाची पूर्वसूचना पाहिली. आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशी भावना व्यक्त केली. परंतु ते एका कवीचे आत्मनिवेदन होते, तर्काचा पुरावा म्हणून त्यांनी ते पुढे केले नव्हते. या साऱ्या वादांत महाराष्ट्रातील बौद्ध नव्हता, कारण तो तेव्हा बौद्ध म्हणून उभाच नव्हता. आज पत्रकात बुद्धाचे नाव येते ते १९५६ नंतरच्या वाचकासाठी.

मेत्तेय्याविषयी प्रथम. चार प्रमुख निकायांत हे भाकीत दीघनिकायाच्या चक्कवत्तिसीहनाद सुत्तात येते. त्याचा संदर्भ पाहिल्यावाचून त्यावर बोलणे व्यर्थ होय. दारिद्र्याकडे राजाचे दुर्लक्ष, त्यातून चोरी, चोरीतून हिंसा, हिंसेतून असत्य, अशा क्रमाने मनुष्याचे आयुष्य घटत घटत दहा वर्षांवर येते. पुढे माणसे शहाणी होऊन कुशल कर्मे करू लागतात, आणि ते पुन्हा वाढत ८०,००० वर्षांवर जाते. त्या काळी मुली पाचशेव्या वर्षी विवाहयोग्य होतील, वाराणसीचे नाव केतुमती असेल, संख नावाचा चक्रवर्ती तेथे राज्य करील, आणि तेव्हा मेत्तेय्य बुद्ध होतील. ते हाच धम्म शिकवतील आणि शाक्यमुनींच्या संघात जशी शेकड्यांनी भिक्षुसंख्या आहे तशी त्यांच्या संघात हजारोंनी असेल. संख राजा आपले सर्वस्व दान करून त्यांच्यापाशी प्रव्रज्या घेईल.

येशूचा जन्म रोमन अमलाखालील पॅलेस्टाईनमध्ये, बुद्धानंतर अवघ्या चार-पाच शतकांनी झाला. तेव्हा मनुष्याचे आयुष्य आजच्याहून अधिक नव्हते, आणि शाक्यमुनींचा धम्म भारतात व सिंहलद्वीपात भरभराटीस होता. पूर्वीच्या बुद्धाचे शासन लोपल्यावरच पुढचा बुद्ध होतो, ही परंपरेची मूळ अटच येथे मोडते. प्रचारसाहित्यात मेत्तेय्याच्या हातापायांवर व्रणांच्या खुणा असतील असे बुद्धवचन म्हणून सांगतात आणि त्यासाठी उत्तर थायलंडातील एका ताडपत्राचा हवाला देतात. पालि तिपिटकात असे वचन कोठेही नाही. मेत्तेय्याच्याच चरित्राला वाहिलेल्या उत्तरकालीन अनागतवंसातही नाही. ज्याला ते दाखवावयाचे असेल त्याने ग्रंथ, प्रकरण आणि पाठ दाखवावा. आणखी एक गोष्ट पत्रककार सांगत नाहीत. हे सुत्त भिक्षूंनी अत्तदीप, म्हणजे स्वतःच स्वतःचे आश्रयस्थान, होऊन विहरावे या उपदेशाने सुरू होते आणि त्याच उपदेशाकडे परत येते. पुढच्या शास्त्याची वाट पाहा, असा आदेश त्यात नाही.

भविष्यपुराणासंबंधी फार लिहिण्याचे कारण नाही. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यातून निघालेल्या आवृत्तीच्या प्रतिसर्गपर्वात शालिवाहन राजाला हिमालयात ईशपुत्र भेटतो खरा. परंतु त्याच पर्वात मोगल बादशहा आहेत, कलकत्त्याचे इंग्रज आहेत आणि व्हिक्टोरिया राणीही आहे. भविष्यकाळाची क्रियापदे वापरून लिहिलेला तो इतिहास होय.

यहुदी संदेष्ट्यांचा भाग मात्र गंभीर आहे. ही वचने मागाहून रचली असा सरसकट आक्षेप आमचे काही वक्ते घेतात, तो चुकीचा आहे. मृत समुद्राकाठी १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत यशयाचा संपूर्ण ग्रंथ आहे आणि ती प्रत येशूच्या जन्माहून शतकभर तरी जुनी आहे. ग्रंथ आधीचा, हे मान्य. मग प्रश्न उरतो तो अर्थाचा आणि पूर्ततेच्या साक्षीचा, आणि येथे पालिच्या अभ्यासकाला आपल्या ओळखीची भूमी लागते.

यशयाच्या सातव्या अध्यायातील प्रसिद्ध वचन घ्या. मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’. त्याचा अर्थ तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे कुमारीवाचक शब्द योजला आणि मत्तयाने ग्रीक पाठ उचलून त्यावर कुमारीजन्माची पूर्तता उभारली. मूळ प्रसंग आहाज राजाला त्याच्या चालू संकटात दिलेल्या चिन्हाचा आहे. सातशे वर्षांनंतरचे चिन्ह त्याच्या काय कामाचे? १९५२ मध्ये अमेरिकेतील प्रॉटेस्टंट विद्वानांनीच आपल्या सुधारित इंग्रजी भाषांतरात ‘तरुण स्त्री’ असा अर्थ दिला, तेव्हा त्यांना त्यांच्याच धर्मबंधूंचा रोष सोसावा लागला. या विद्वानांचा प्रामाणिकपणा आम्हांला पत्रककारांच्या उत्साहापेक्षा अधिक आदरणीय वाटतो.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जखऱ्याच्या नवव्या अध्यायात राजा गाढवावर, शिंगरावर बसून येतो. एकच गोष्ट दोन पर्यायांनी सांगणे ही हिब्रू काव्याची रीत. आपल्या गाथांतही समानार्थी पदांची अशीच रास असते. मत्तयाने मात्र दोन जनावरे मानली, म्हणून त्याच्या कथेत शिष्य गाढवी आणि शिंगरू दोन्ही आणतात. मार्काच्या व लूकच्या वृत्तांतात एकच शिंगरू आहे. अर्थात येथे घटनेने भाकीत पुरे केले असे म्हणण्यापेक्षा भाकिताने घटनेचा तपशील घडविला असेच म्हणावे लागते. शिवाय गाढवावर बसून नगरात येणे ही गोष्ट, ते वचन ठाऊक असलेल्या कोणालाही करता येण्याजोगी आहे. होशेयाचे मिसर देशातून पुत्राला बोलावल्याचे वचन तर भाकीतच नाही. त्यात इस्राएलाच्या भूतकाळाची आठवण आहे.

यशयाचा त्रेपन्नावा अध्याय यांहून वेगळा. निरपराध सेवक इतरांचे दुःख वाहतो, हे चित्र येशूच्या मरणाशी खरोखर जुळते, आणि ते वाचून एखाद्याचे मन हलले तर आम्ही त्याला हसणार नाही. तथापि त्याच ग्रंथात आधीच्या अध्यायांत हा सेवक म्हणजे इस्राएल असे नाव घेऊन सांगितले आहे, आणि यहुदी परंपरेत तो अर्थ प्रचलित आहे. दोन अर्थ संभवत असताना ज्याने एक अर्थ आधीच स्वीकारला आहे त्याला ते वचन पुष्टी देईल; न स्वीकारलेल्याला बांधून घालणार नाही.

आता आपले घर. महापरिनिब्बान सुत्तात पाटलिगामाच्या तटबंदीचे काम पाहून तथागत सांगतात की, हे श्रेष्ठ नगर होईल आणि त्याला अग्नी, पाणी व आपसांतील फूट यांपासून भय राहील. हे भाकीत पुढे खरे ठरले. म्हणून आपण ते बुद्धाच्या सर्वज्ञतेचा पुरावा मानतो काय? इतिहासाचा अभ्यासक त्यावरून एवढेच म्हणतो की, हा मजकूर सध्याच्या रूपात आला तेव्हा पाटलिपुत्र वैभवाला चढले असावे. दानीएलाच्या ग्रंथातील राजांची भाकिते अँटायोकसच्या काळापर्यंत विलक्षण अचूक आहेत. यावरून तिसऱ्या शतकात पॉर्फिरीने जो निष्कर्ष काढला तो याच जातीचा होता. तेथे तो मान्य आणि येथे अमान्य, असे आम्हांला करता येणार नाही. असित ऋषीच्या भाकिताचीही तीच गत. नालकसुत्तातील ती प्रास्ताविक गाथा मूळ उपदेशाहून उत्तरकालीन असल्याचे भाषाभ्यासक सांगतात.

फसलेल्या भाकिताचे उदाहरणही आपल्याकडे आहे. स्त्रियांना प्रव्रज्या दिल्यामुळे सद्धम्म हजार वर्षांऐवजी पाचशेच वर्षे टिकेल, असे वचन विनयाच्या चुल्लवग्गात व अंगुत्तराच्या अट्ठकनिपातात आहे. पाचशे वर्षे उलटली, हजारही उलटली, धम्म राहिला. तेव्हा अट्ठकथाकारांनी हजार-हजार वर्षांचे पाच टप्पे कल्पून शासनाचे आयुष्य ५,००० वर्षे केले. शुभवर्तमानातही ही पिढी सरण्यापूर्वी सर्व घडेल असे वचन आहे. पिढ्या सरल्या, तेव्हा प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा असतो असे समाधान पेत्राच्या नावावरील दुसऱ्या पत्राने दिले. भाष्यकाराची अडचण दोन्हीकडे सारखीच! पण आपल्याकडची अडचण केवळ विद्वत्तेची नाही. १९९८ मध्ये बोधगयेला भिक्षुणींची उपसंपदा झाली तेव्हा आणि त्यानंतरही विरोधकांनी याच वचनाचा आधार घेतला. भाकीत प्रमाण मानले की त्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. येथे ती स्त्रियांनी दिली.

समजा, एखादे भाकीत निःसंशय आधीचे, निःसंशय स्पष्ट आणि निःसंशय पुरे झालेले निघाले. तरी त्यावरून भाकीत करणाऱ्याचा किंवा भाकित व्यक्तीचा धर्म सत्य ठरतो काय? केवट्टसुत्तात ऋद्धिप्रातिहार्य आणि परचित्त सांगण्याचे आदेसना-प्रातिहार्य या दोहोंविषयी तथागत नापसंती दाखवितात. संशयी मनुष्य ते गंधारी किंवा मणिका विद्येचे काम म्हणेल, असे तेथे कारण दिले आहे. अनुसासनी, म्हणजे आचरून पाहता येणारा उपदेश, एवढेच प्रातिहार्य ते स्वीकारतात. सातव्या शतकात धर्मकीर्तीने हाच विचार अधिक धारदार केला. शास्त्याला किड्यांची संख्या ठाऊक आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते; दूरचे दिसणे हेच प्रामाण्य असेल तर गिधाडांची उपासना करावी लागेल, असा त्याचा उपहास आहे. विशेष म्हणजे बायबलही याहून वेगळे सांगत नाही. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात, ज्याने दिलेले चिन्ह खरे ठरले पण जो अन्य देवांकडे नेतो, अशा संदेष्ट्याचे ऐकू नका, अशी स्पष्ट आज्ञा आहे. भाकीत खरे ठरणे आणि उपदेश खरा असणे या दोन गोष्टी मोशेच्या नियमशास्त्रानेच वेगळ्या केल्या आहेत. पत्रककारांनी आपल्या ग्रंथाचे हे पान वाचकांना दाखविलेले आम्ही पाहिले नाही.

आमच्या व्याख्यानांत कालामसुत्ताचा उल्लेख इतका होतो की तो आता स्वागतगीतासारखा झाला आहे. त्याऐवजी मज्झिमनिकायातील चंकीसुत्त वाचावे. परंपरेने आलेली गोष्ट पोकळ निघू शकते, तशीच न ऐकलेली गोष्ट खरी निघू शकते, असे ते सांगते. हा न्याय आपल्यालाही बांधतो. भाकिताचा युक्तिवाद ढासळल्याने ख्रिस्ती धर्म खोटा ठरत नाही. एक पुरावा तेवढा बाद होतो. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाची परीक्षा त्यातील उपदेशावरून व्हावी, आणि दुष्काळात वऱ्हाडातील पोरक्या मुलांना मिळालेल्या भाकरीला तर कोणत्याही संदेष्ट्याच्या साक्षीची गरज नव्हती.

राहिला आपल्या सभांतून ऐकू येणारा एक दावा. २,५०० वर्षांनी धम्माचे पुनरुत्थान होईल असे बुद्धांनी सांगितले होते आणि १९५६ मध्ये ते खरे झाले, असे आपले कार्यकर्ते ख्रिस्ती पत्रकांना उत्तर म्हणून ठासून सांगतात. तिपिटकात असे वचन नाही. अट्ठकथांच्या ५,००० वर्षांचा मध्य म्हणून ब्रह्मदेशात व सिंहलात या अंकाला महत्त्व आले. शिवाय ही गणना परिनिर्वाण इसवी सनापूर्वी ५४४ मध्ये झाले या परंपरेवर उभी आहे. अनेक इतिहासकारांचे ४८३ हे वर्ष धरले तर २,५०० वर्षे २०१८ च्या सुमारास भरतात, आणि अलीकडील संशोधन तर परिनिर्वाण आणखी पुढे आणते. बाबासाहेबांना हे सारे वाङ्मय परिचित होते. १९५४ मध्ये ते रंगूनला गेले तेव्हा तेथे छठ्ठ संगायन चालू होते. २,५०० व्या जयंतीचे वर्ष त्यांनी दीक्षेसाठी साधले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी असिताची कथाही ठेवली. परंतु धम्म का स्वीकारावा याची जी कारणे त्यांनी लिहून आणि बोलून दिली, त्यांत कोणत्याही भाकिताला जागा नाही. बुद्धाने स्वतःच्या धम्मात स्वतःसाठी स्थान मागितले नाही, तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे त्यांचे प्रमुख कारण होते.