ऑब्जेक्ट-ओरिएंटेड कोबोल : प्रमाण आणि व्यवहार

कोबोलच्या २००२ सालच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने त्या भाषेत क्लास, मेथड, इंटरफेस आणि वारसा यांना अधिकृत स्थान दिले. ग्रंथ म्हणून ही संहिता रेखीव आहे. एका क्लासला अनेक पूर्वजांचा वारसा देण्यापर्यंत तिची मजल गेली आहे. परंतु केवळ तिच्या आधारे कोबोल शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची फसगत होईल, कारण ती समग्र मानणारा कंपायलर निघालाच नाही.

आयबीएमचे उदाहरण विशेष बोलके आहे. प्रमाण सिद्ध होण्यापूर्वीच या कंपनीने आपल्या सिस्टीम ऑब्जेक्ट मॉडेलवर आधारलेले ऑब्जेक्ट कोबोल दिले होते. पुढे एंटरप्राइझ कोबोलमध्ये ते टाकून जावाची कास धरली. तेथे क्लासांचा आद्य पूर्वज जावाचा, वारसा एकाच पूर्वजाचा, आणि ‘इन्व्होक’ हे विधान जावाच्या सेवांमार्फत चालते. शब्द कोबोलचे, अर्थ जावाचा! शिवाय बँकांचे दैनंदिन व्यवहार ज्या सीआयसीएसखाली चालतात, तेथे या क्लासांना प्रवेशच नाही. मायक्रो फोकसने व्हिज्युअल कोबोलमध्ये डॉटनेट व जेव्हीएमसाठी आपली निराळी वाक्यरचना रूढ केली. ते उत्पादन २०२४ पासून रॉकेट सॉफ्टवेअरकडे आहे. ग्नूकोबोलने हा भाग हाती घेतलेला नाही.

सारा दोष विक्रेत्यांच्या माथी मारणे मात्र मला न्याय्य वाटत नाही. १९८५ च्या प्रमाणामागे अमेरिकेतील एनआयएसटी या संस्थेचा चाचणीसंच उभा होता. २००२ च्या प्रमाणाला तसा आधार लाभला नाही. मालेगावच्या बाजारातील तराजूला वैधमापन खात्याची मुद्रा लागते. किलोग्रॅमची व्याख्या गिऱ्हाइकाने वाचलेली असण्याचे कारण नसते. येथे व्याख्या होती, मुद्रा मारणारा नव्हता. मागणीही क्षीण होती. जुन्या प्रणाली सांभाळणाऱ्यांना क्लासांची ओढ नव्हती, आणि ज्यांना होती ते जावाकडे गेले.

२०१४ च्या आवृत्तीने व्हॅलिडेट, रिपोर्ट रायटर इत्यादी अंगे ऐच्छिक ठरवून काहीशी माघार घेतली खरी. पण त्याच आवृत्तीत मेथड-ओव्हरलोडिंगची भर पडली. जुने देणे फिटले नसताना हे नवे कर्ज कशासाठी, याचा उलगडा होत नाही. २०२३ ची आवृत्तीही आता प्रसिद्ध झाली आहे. तोवर ‘कोबोलमध्ये असे करता येते’ असे प्रबंधात लिहिणाऱ्याने कंपायलरचे नाव व आवृत्ती त्याच वाक्यात द्यावी, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नसावी.