धुरंधरांची सुरुवात : शिकवलेली नजर कुणाची?

आज आपण महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या सुरुवातीच्या कामाबद्दल बोलू. जन्म १८६७, कोल्हापूर. १८९० साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि १८९५ मध्ये त्यांनी बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलं. फक्त पाच वर्षांत!

आता आपला प्रश्न असा, की शिकवलेली नजर चित्रकाराची स्वतःची होऊ शकते का? हुबेहूब रेखाटन ही त्या शाळेची शिस्त. तिनं हात तयार केला, हे मान्यच. पुढे त्यांची पोस्टकार्डं छापली गेली. त्यांत नऊवारीची चुणी अचूक, चालण्याची ढब अचूक. पण बाई मात्र पुष्कळदा ‘नमुना’ होऊन उभी राहते, साहेबाला पाहायला आवडेल तशी. घरगुती प्रसंग आणि लग्नसोहळे रंगवताना मात्र तोच हात आपल्या माणसांत वावरतो. म्हणजे उणीव तंत्राची नव्हे, गिऱ्हाइकाच्या नजरेची.

धाराशिवसारख्या ठिकाणी आर्ट गॅलरी नव्हे, दगडावरून छापलेलं चित्रच पोचलं. त्याला ‘कॅलेंडर’ म्हणून हिणवण्याआधी आपण एवढं तरी विचारूया: हे कुणासाठी पाहिलं गेलंय?