एक माशी, चार नावे : फळमाशीच्या जनुकीय विविधतेवरील अभ्यासांची चिकित्सा

सारांश

पौर्वात्य फळमाशीच्या जनुकीय विविधतेवर गेल्या तीन दशकांत विपुल संशोधन झाले. या संशोधनाने जातींच्या नावांचा एक मोठा गुंता सोडविला. परंतु विविधतेचा आकडा काढणे हेच साध्य मानणारी एक लेखनपद्धतीही त्याचबरोबर रूढ झाली. प्रस्तुत लेखात जातिनिश्चिती, नमुनासंकलन, आकड्यांचा अन्वयार्थ आणि उपयोजन या चार अंगांनी या अभ्यासांची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, जनुकीय विविधता, समष्टी, जनुकप्रवाह, वनस्पती संगरोध.

१. प्रस्तावना

आंब्याच्या सालीवर सुईने टोचल्यासारखे बारीक छिद्र दिसते, त्याभोवतीचा भाग मऊ पडतो आणि फळ कापल्यावर गरात पांढऱ्या अळ्या आढळतात. मादी सालीखाली अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या गरावर वाढतात आणि जमिनीत उतरून कोषावस्थेत जातात. आंबा, पेरू, पपई यांसारख्या अनेक फळांवर जगणारी ही पौर्वात्य फळमाशी, म्हणजेच बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, हिचे वर्णन हेंडेल यांनी १९१२ साली तैवानमधील नमुन्यांवरून केले.

या किडीचा प्रश्न बागेपुरता मर्यादित राहत नाही. भारतातून गेलेल्या फळे-भाजीपाल्याच्या २०७ मालखेपांत २०१३ साली फळमाश्या व इतर किडी आढळल्याचे कारण देऊन युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, वांगी, अळू, कारले व पडवळ यांच्या आयातीवर बंदी घातली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या प्रारंभी उठली; तथापि हापूसच्या ऐन हंगामात आलेल्या या निर्णयाने एका माशीचे आर्थिक वजन किती असू शकते हे दाखवून दिले. अशा किडीच्या निरनिराळ्या प्रदेशांतील समष्टी परस्परांपासून जनुकीयदृष्ट्या किती भिन्न आहेत, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. तो कसा विचारला जातो आणि त्याच्या उत्तरातून काय निष्पन्न होते, हे तपासणे तितकेच आवश्यक आहे.

२. नावाचा प्रश्न

विविधता मोजण्यापूर्वी ती कोणाची मोजावयाची हे ठरावे लागते. ड्रू आणि हॅनकॉक यांनी १९९४ साली डॉर्सॅलिस गटाची पुनर्मांडणी करून त्यात ५२ जाती मानल्या. त्यांपैकी ४० नव्याने वर्णिलेल्या होत्या. पपायी, फिलिपिनेन्सिस आणि कॅरॅम्बोली ही नावे याच मांडणीतून आली. पुढे २००३ साली केनियात एक नवी फळमाशी आढळली. ती आफ्रिकेत वेगाने पसरली आणि २००५ मध्ये ड्रू, त्सुरुता व व्हाइट यांनी तिला इन्व्हेडन्स असे नाव दिले. छातीवरील रंगाच्या छटा, पट्ट्यांची रुंदी, अंडनिक्षेपकाची लांबी अशा लक्षणांवर हे भेद उभे होते.

जनुकीय अभ्यासांनी या भेदांना हादरा दिला. शुट्झ व सहकाऱ्यांनी २०१२ साली मायटोकाँड्रियातील डीएनए आणि पंखाचा आकार एकत्र अभ्यासून डॉर्सॅलिस, पपायी व फिलिपिनेन्सिस ही एकच जाती असावी असे प्रतिपादन केले. अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त प्रकल्पात या प्रश्नावर अनेक देशांतील प्रयोगशाळांनी काम केले. शरीररचना, डीएनए, गुणसूत्रे, समागमातील सुसंगती आणि नरांचे गंधद्रव्य अशा स्वतंत्र पुराव्यांचा एकत्रित विचार होऊन २०१४ च्या अखेरीस पपायी, फिलिपिनेन्सिस व इन्व्हेडन्स ही तिन्ही नावे डॉर्सॅलिसची समानार्थी ठरविण्यात आली. कॅरॅम्बोली मात्र वेगळी राहिली.

हा निर्णय सर्वांनी स्वीकारला असे नाही. ड्रू व रोमिग यांनी २०१६ च्या ग्रंथात इन्व्हेडन्सला पुन्हा स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. त्यावर शुट्झ व सहकाऱ्यांनी २०१७ साली, समकक्ष परीक्षणातून गेलेला बहुविध पुरावा आणि एखाद्या तज्ज्ञाचा अधिकार यांपैकी शास्त्राने कशास प्रमाण मानावे, असा मूलगामी प्रश्न उपस्थित केला. हा वाद केवळ नामकरणाचा नाही. चार नावे असताना एका नावाखाली जमलेले नियंत्रणाचे ज्ञान दुसऱ्या नावाला लागू होते की नाही याविषयी शंका राहत होती आणि संगरोधाचे नियमही नावांनुसार वेगळे होत होते. नावे एकत्र आल्याने ज्ञान एकत्र आले.

या इतिहासातून एक धडा मिळतो. यश एकट्या डीएनएचे नव्हते; डीएनएचा पुरावा पिंजऱ्यातील समागमाच्या प्रयोगांशी आणि पंखांच्या मोजमापांशी जुळला म्हणून तो ग्राह्य ठरला. याउलट, हिबर्ट व सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रस्तावानंतर रूढ झालेला सुमारे ६५० आधारघटकांचा सीओआय बारकोड तेवढा वाचून जाती निश्चित झाल्याचे जाहीर करण्याची प्रथा आढळते. या गटात ती धोक्याची आहे. डॉर्सॅलिस आणि कॅरॅम्बोली यांना हा बारकोड खात्रीने वेगळे करीत नाही. त्यासाठी केंद्रकातील आयटीएस-१ सारख्या भागाची जोड द्यावी लागते. ज्या चिन्हकाने दोन जाती वेगळ्या होत नाहीत, त्याच्याच बळावर जातींतर्गत विविधतेचे कोष्टक मांडणे म्हणजे पाया न तपासता मजले चढविणे होय.

३. नमुन्याचा प्रश्न

पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ फ्रँक हॉवलेट यांनी १९१२ साली सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर ओढले जातात अशी नोंद केली आणि १९१५ मध्ये त्यामागील मिथाइल युजेनॉलचा प्रभाव दाखवून दिला. आज जगभर वापरले जाणारे सापळे याच शोधावर उभे आहेत. जनुकीय अभ्यासांसाठीही माश्या बहुधा या सापळ्यांतूनच मिळतात. सोय मोठी आहे. मात्र सापळ्यात केवळ नर येतात, ते कोणत्या फळात वाढले हे कळत नाही आणि ते त्याच बागेतील की बाहेरून आलेले हेही सांगता येत नाही. आंब्यावरील व पेरूवरील माश्यांत भेद आहे काय, असा प्रश्न घेतलेल्या अभ्यासात सापळ्यातील नर वापरले, तर प्रश्न आणि नमुना यांची फारकत होते. फळे गोळा करून त्यांतून माश्या निपजविणे कष्टाचे असले तरी या प्रश्नासाठी तोच योग्य मार्ग आहे. त्यातही एकाच फळातून निघालेल्या अनेक माश्या एका मातेची संतती असू शकतात; म्हणून फळागणिक एकच माशी घेणे इष्ट.

संख्येचा मुद्दा याहून अधिक उपेक्षित आहे. एखादा हॅप्लोटाइप समष्टीत १० टक्के प्रमाणात असेल, तर १० माश्यांच्या नमुन्यात तो एकदाही न सापडण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. ३० माश्या घेतल्यास ती सुमारे ४ टक्क्यांवर येते. ५ टक्के प्रमाणातील हॅप्लोटाइपबाबत हेच आकडे अनुक्रमे सुमारे ६० व २१ टक्के येतात. म्हणजेच प्रत्येक ठिकाणच्या दहा माश्या तपासून एखादा हॅप्लोटाइप केवळ अमुक जिल्ह्यातच आहे असे म्हणणे हे जनुकशास्त्राचे नव्हे, तर नशिबाचे विधान ठरते. दहा ठिकाणांहून दहा-दहा माश्या आणण्यापेक्षा तीन ठिकाणांहून तीस-तीस माश्या आणणे अशा वेळी अधिक फलदायी असते.

४. आकड्यांचा अन्वयार्थ

सिवॉल राइट यांच्या परंपरेतून आलेला एफएसटी हा निर्देशांक समष्टींमधील भिन्नता सांगतो. त्याचे मूल्य अल्प आले की, माश्यांची ये-जा मोठी आहे, असा निष्कर्ष अनेकदा तत्काळ काढला जातो. केंद्रकीय चिन्हकांसाठीच्या परिचित सूत्राने ०.०२ या मूल्यावरून दर पिढीला सुमारे १२ स्थलांतरित असे गणितही मांडता येते. परंतु हे सूत्र समष्टी दीर्घकाळ समतोलात आहेत असे गृहीत धरते, तसेच मातृवंशीय मायटोकाँड्रियाला ते जसेच्या तसे लागू होत नाही. व्हिटलॉक आणि मॅकॉली यांनी १९९९ सालीच या वापरातील दोष सविस्तर दाखविले होते.

आफ्रिकेतील उदाहरण येथे बोलके आहे. खामिस व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तेथील माश्यांची, त्या काळच्या इन्व्हेडन्स या नावाखाली, मायक्रोसॅटेलाइट चिन्हकांनी तपासणी केली. त्यांना विविधता बऱ्यापैकी आणि भौगोलिक विभागणी अल्प आढळली. दोन आफ्रिकी प्रदेशांतील माश्या सारख्या दिसतात, याचा अर्थ त्या आजही परस्परांत मिसळतात असा होईलच असे नाही. अलीकडेच एका मूळ स्रोतातून आल्यामुळेही त्या सारख्या राहिलेल्या असतील. त्याचप्रमाणे विविधता अधिक म्हणजे तो प्रदेश किडीचे मूळ स्थान, हा ठोकताळाही येथे अपुरा पडतो. पुनःपुन्हा आणि अनेक स्रोतांतून प्रवेश झाला तर नव्या प्रदेशातही विविधता मोठी दिसते. व्होल्बाकिया या पेशीनिवासी जीवाणूचा प्रसार झाल्यास मायटोकाँड्रियातील विविधता, समष्टी लहान नसतानाही, घटू शकते. एकाच आकड्यामागे असे अनेक इतिहास संभवतात. त्यांपैकी एक निवडताना इतर का नाकारले, हे सांगण्याची जबाबदारी अभ्यासकाची असते.

५. उपयोजनाचे शेवटचे वाक्य

या विषयावरील शोधनिबंधांचा शेवट बहुधा एका ठरावीक वाक्याने होतो : सदर निष्कर्ष कीड व्यवस्थापनास उपयुक्त ठरतील. या वाक्याची चिकित्सा क्वचितच होते. कोणत्या व्यवस्थापनास आणि कसे उपयुक्त, असे विचारले असता चार निरनिराळी उत्तरे मिळतात.

पहिले क्षेत्र फळप्रक्रियेचे. अमेरिकेस २००७ पासून जाणाऱ्या भारतीय आंब्यासाठी किमान ४०० ग्रे विकिरणमात्रा ठरली आणि लासलगावच्या विकिरण केंद्राने त्यात मोलाची भूमिका बजावली. फळमाशी कुलासाठी सर्वसाधारण मात्रा १५० ग्रे मानली जाते. जाती कोणती, समष्टी कोणती हे पाहण्याची गरज पडू नये, अशीच तिची योजना आहे. येथे विविधतेच्या अभ्यासाचे योगदान जवळजवळ शून्य आहे आणि तसे मान्य करण्यात कमीपणा नाही.

दुसरे क्षेत्र कीटकनाशक-प्रतिकाराचे. तैवानमधील माश्यांत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांना दाद न देणारे बदल अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेझच्या जनुकात सापडल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. असे बदल ओळखण्यासाठी ते विशिष्ट जनुकच वाचावे लागते. तटस्थ चिन्हकांवरील विविधता त्याविषयी काहीच सांगत नाही. तिसरे क्षेत्र वंध्य नरांच्या प्रसारणाचे. तेथे निर्णायक पुरावा समागमाच्या सुसंगतीचा असतो. जनुकीय माहिती त्यास पूरक ठरते.

चौथे क्षेत्र मात्र या अभ्यासांचे खरे घर आहे. कोकणातील बागायतदार मिथाइल युजेनॉलचा सापळा लावतो. पण शेजारच्या बागेतून किंवा परसातील पेरूवरून माश्या येत राहिल्या, तर एकट्याच्या सापळ्याने भागत नाही. किती गावांनी एकत्र येऊन मोहीम राबवावी, फळमाशीमुक्त क्षेत्र कोठे आखावे, हे प्रश्न जनुकप्रवाहाचे आहेत. जपानच्या नैर्ऋत्य बेटांवरून ही माशी नरनिर्मूलन पद्धतीने १९८६ पर्यंत नाहीशी करण्यात आली. तेथे समुद्राने सीमा आखून दिली होती. सलग बागांच्या कोकणात अशी सीमा आहे काय, हे जनुकांनाच विचारावे लागेल. त्यासाठी देशांच्या राजधान्यांमधील अंतरे नव्हेत, तर तालुका, खाडी आणि घाट या पातळीवरील नमुने हवेत. तसेच एका मायटोकाँड्रियल तुकड्याऐवजी केंद्रकातील अनेक चिन्हके हवीत.

६. निष्कर्ष

महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या मर्यादा उघड आहेत : निधी तुटपुंजा, अनुक्रमवाचन बाहेरून करून घ्यावे लागते, प्रकल्पाचा कालावधी अल्प. तथापि वर दर्शविलेले बहुतेक दोष पैशाच्या अभावाचे नाहीत. प्रश्न आधी ठरविणे, प्रत्येक माशीचे यजमान फळ व स्थळ नोंदविणे, नमुने पिन करून संग्रहालयात जतन करणे, अनुक्रम सार्वजनिक संचयात ठेवणे आणि निष्कर्ष नमुन्याच्या आवाक्यात राखणे यांसाठी महागडे यंत्र लागत नाही. स्थानिक बागांची, हंगामांची व फळांची ओळख ही तर ग्रामीण महाविद्यालयांची स्वतःची संपत्ती आहे. दूरच्या मोठ्या प्रयोगशाळांकडे ती नसते.

चार नावांची एक माशी झाली ती अनेकांनी निरनिराळ्या मार्गांनी एकच प्रश्न विचारल्यामुळे. विविधतेचा आकडा हा त्या विचारण्याचा आरंभ आहे. तो शेवट मानला गेला, तर शोधनिबंधांची संख्या वाढेल आणि बागायतदाराच्या फळातील अळी आहे तेथेच राहील.