ओकवनातील चकतीविद्या

परमुलखात राहून आपल्या समाजाने कोणत्या कला जिवंत ठेवल्या याचा जमाखर्च स्मरणिकांच्या पानांतून वेळोवेळी मांडला जातो, आणि त्यात नाट्यप्रयोग, गणेशोत्सव, लेझीम, ढोलताशा, भजनी मंडळे आणि मराठी शाळा यांची नोंद यथोचित गौरवाने होते, हे योग्यच आहे. परंतु जिचा प्रयोग रंगमंचावर होत नाही, जिच्यासाठी तिकीट काढावे लागत नाही आणि जिच्या अखेरीस टाळ्यांचा गजर उठत नाही, अशी एक कला या यादीतून निसटत आली आहे. ती म्हणजे वनविहाराची कला. कार्तिकात आवळीच्या छायेत पंगत मांडावी, श्रावणात रानातल्या झाडाला झोका बांधावा, पाऊस ओसरताच गडाची वाट धरावी, आणि या सर्वांत वडीलधाऱ्यांपासून कडेवरच्या लेकरापर्यंत सगळ्यांना सामावून घ्यावे, हा आपल्या पूर्वजांचा शिरस्ता होता. दक्षिण कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आपल्यापैकी कित्येक कुटुंबांत तो शिरस्ता डिस्क गोल्फ या साध्या खेळाच्या आश्रयाने टिकला आहे. त्या खेळाचा, त्याच्या जन्मभूमीचा आणि तो चालविणाऱ्या अनाम हातांचा गुणगौरव करणे हे या लेखाचे प्रयोजन आहे.

या खेळाची जन्मभूमी आपल्या दारातच आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सॅन गॅब्रिएल पर्वतराजीच्या पायथ्याशी, जेथे आरोयो सेको नावाचा ओढा डोंगरातून बाहेर पडून रुंदावतो, तेथे पॅसाडीना शहराच्या ताब्यात हहामोंग्ना नावाचे उद्यान आहे. या भूमीवर प्राचीन काळापासून टोंग्वा लोकांची वस्ती होती. ओकची फळे वेचावीत, कुटून पाण्याने त्यांचा तुरटपणा धुऊन काढावा आणि त्यांची पेज शिजवावी, असा त्यांचा जीवनक्रम होता. ओढ्याच्या पुराला आवर घालण्यासाठी 1920 साली खालच्या अंगास धरण बांधले गेले. त्याच पात्रात 1936 च्या 31 ऑक्टोबर रोजी फ्रँक मलिना व त्यांचे सहकारी यांनी आपल्या रॉकेट मोटरची पहिली चाचणी घेतली, आणि त्या उद्योगातून पुढे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली, जिच्या इमारती आजही उद्यानाच्या उत्तर हद्दीला लागून आहेत. ग्रहांच्या दिशेने याने धाडणारी संस्था आणि हातभर व्यासाचीही नसलेली चकती झाडांतून उडविणारा खेळ, या दोहोंनी एकाच ओढ्याच्या काठी जन्म घ्यावा, हा योगायोग मला विलक्षण सुंदर वाटतो. कारण हवेत फेकलेली वस्तू इच्छित स्थळी पोचावी कशी, हा एकच प्रश्न दोन्ही ठिकाणी निष्ठेने हाताळला गेला.

फेकण्याची चकती म्हणजे फ्रिस्बी ही वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन यांच्या प्रयत्नांतून आकारास आली आणि 1957 पासून व्हॅम-ओ कंपनीने ती घरोघरी पोचविली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या कंपनीतील एड हेड्रिक या गृहस्थांनी चकतीच्या पृष्ठभागावर समकेंद्री कड्यांची योजना करून तिचे उड्डाण स्थिर केले आणि 1967 साली त्याचे पेटंट मिळविले. चकती परस्परांकडे फेकून झेलण्यापुरती न राहता तिला एक मुक्काम असावा, त्या मुक्कामाकडे जाणारी वाट असावी आणि ती वाट मोजक्या फेकींत कापावी, या विचाराने त्यांनी 1975 साली याच हहामोंग्नाच्या भूमीवर, त्या वेळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात, पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. आरंभी लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. परंतु चकती खांबाला लागली की चाटून गेली याबद्दल वाद उद्भवू लागले, तेव्हा खांबाभोवती लोंबणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्याखाली टोपली, अशी रचना त्यांनी निर्माण केली. तिचे पेटंट 1977 साली मंजूर झाले. साखळ्यांत शिरताच चकतीचा वेग मंदावतो, ती टोपलीत विसावते, आणि लोखंडाचा तो किणकिणाट हीच वादाचा निकाल देणारी निर्णायक साक्ष ठरते. 1976 साली स्थापन झालेल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेत पहिल्या क्रमांकाचे सभासद हेड्रिकच होते. 2002 साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा नव्या चकत्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. एखाद्या कलेवर मनुष्याने किती प्रेम करावे याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आता खेळाच्या अंतरंगाकडे वळू. ठरावीक जागेवरून, म्हणजे टीवरून, पहिली फेक करावी. चकती जेथे पडेल तेथून पुढची करावी. आणि टोपली गाठेपर्यंत जितक्या फेकी झाल्या तितकी संख्या नोंदवावी, एवढाच या खेळाचा मूळ कायदा आहे. अठरा टोपल्यांचा फेरा पुरा झाला की ज्याची संख्या सर्वांत कमी, तो विजयी. दहा ते वीस डॉलरांना एक चकती मिळते, आणि नवशिक्याला पटर व मिडरेंज या दोन मंद जातींच्या चकत्या पुरेशा होतात. येथील मैदानाला प्रवेशमूल्य नाही, पोशाखाचा निर्बंध नाही, सभासदत्वाची सनद लागत नाही. अंतरे माफक असल्यामुळे शाळकरी मूल आणि निवृत्तिवेतन घेणारे आजोबा यांना एकाच वेळी, एकाच टीवरून, कोणाच्याही मोठेपणास बाध न येता खेळता येते, आणि एकत्र कुटुंबाच्या वनविहारासाठी याहून अनुकूल सोय कोणती असू शकेल?

चकती फेकण्याचे मर्म बाहुबळात नसून फिरकीत आहे. नदीच्या पाण्यावरून चपटी खापरी टप्पे घेत पलीकडे पाठविणाऱ्या मुलाच्या मनगटाला जे उपजत कळते तेच येथे शास्त्रशुद्ध रीतीने शिकावे लागते: अंगठा वर, बोटे खाली, हात छातीजवळून सरळ रेषेत ओढलेला, कमरेचे वळण हाताच्या आधी सुरू झालेले, आणि सुटतेवेळी चकतीची पुढची कड किंचितही वर उचललेली नसावी. फिरकीमुळे चकतीला स्थैर्य येते. हवा तिला खालून उचलून धरते. परंतु हवेचा तो आधार चकतीच्या बरोबर मध्यावर लाभत नाही, आणि त्यातून उद्भवणारा कल फिरकीमुळे बाजूच्या झुकावात परिणत होतो. म्हणून उजव्या हाताने अशी, म्हणजे बॅकहँड, फेकलेली चकती वेगात असताना सरळ जाते किंवा थोडी उजवीकडे झुकते, आणि वेग सरत आला की डावीकडे वळून उतरते. फोरहँड फेकीत हाच क्रम उलट होतो. 1983 साली डेव्ह ड्युनिपेस यांनी चकतीची कड निमुळती करून तिला अधिक वेगाने हवा कापण्याचे सामर्थ्य दिले, आणि तेव्हापासून ड्रायव्हर, मिडरेंज व पटर असे भेद स्थिर होत गेले. पुष्कळशा चकत्यांवर छापलेले चार आकडे वेग, तरंगणे, आरंभीचा झुकाव आणि अखेरचे वळण दर्शवितात. पहिला आकडा मोठा असलेली चकती शक्तिमान हाताचीच आज्ञा पाळते. नवशिक्याने ती हाती घेतली तर पुरेशा फिरकीअभावी ती लवकरच डावीकडे कोसळते. म्हणून जाणते खेळाडू नव्या माणसाच्या हाती प्रथम पटर देतात. व्यास 21 ते 30 सेंटिमीटर आणि व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे वजन 8.3 ग्रॅमपर्यंत, या दंडकात राहूनही चकत्यांच्या स्वभावात किती वैविध्य संभवते, हे पाहिले म्हणजे या साध्या वस्तूविषयी आदर दुणावतो.

परंतु ही विद्या मोकळ्या माळावर अर्धीच शिकता येते. तिचे उरलेले शिक्षण वृक्ष देतात. आरोयो सेकोच्या काठचे ओक सदाहरित आहेत. त्यांची पाने लहान, टणक व काटेरी कडांची, खोड काळपट, आणि फांद्या आडव्या पसरून पुष्कळदा पुरुषभर उंचीपर्यंत खाली आलेल्या असतात. टीवर उभ्या राहिलेल्या नवशिक्याची दृष्टी स्वाभाविकपणे दूरच्या टोपलीकडे जाते, मधले बुंधे तिला शत्रूसारखे भासतात, आणि त्यांना भेदून जाण्याच्या ईर्ष्येने तो सर्व बळ एकवटतो. परंतु बुंध्यावर आदळलेली वेगवान चकती दूर झुडपांत जाऊन पडते आणि त्या एका आवेशाची किंमत पुढच्या दोन-तीन फेकींत चुकती करावी लागते. याच्या उलट, जो आपली दृष्टी टोपलीवरून काढून जवळच्या दोन झाडांमधल्या मोकळ्या फटीवर स्थिर करतो, तिच्या मध्यातून फांद्यांखालून हळुवार पटर पाठवितो आणि अर्ध्या वाटेवर पण मोकळ्या जागी तिला उतरू देतो, त्याच्यासमोर पुढचा मार्ग आपोआप उघडतो. जेथे सरळ वाट नाही तेथे चकतीची बाहेरची कड खाली झुकवून हायझर फेकावी, म्हणजे ती झाडाला वळसा घालून जाते. वाट झाडांनी आखलेली आहे, ती वाचून तिच्यातून जावयाचे आहे, हे एकदा मनात बिंबले की फेकीतला आवेश ओसरतो आणि त्याची जागा अवधान घेते. माझ्या मते या वनमैदानाचे खरे देणे हेच आहे. नियमसुद्धा त्याच शिकवणीला पोषक आहेत: टोपलीपासून दहा मीटरांच्या आतून फेक केल्यावर खेळाडूने तोल सावरून स्थिर झाल्याखेरीज खुणेच्या पुढे पाऊल टाकता कामा नये. उतावीळपणाला येथे कायद्यानेच मज्जाव आहे.

खेळाचे शिष्टाचारही आपल्या घरच्या वळणाशी जुळणारे आहेत. दुसरा फेकीस उभा असता बोलू नये, त्याच्या दृष्टिपथात हालचाल करू नये. जो टोपलीपासून सर्वांत दूर, त्याला प्रथम संधी द्यावी. वाटेवरून फिरावयास निघालेली माणसे, घोडेस्वार, लहान मुले यांना आधी जाऊ द्यावे. मागून येणारा गट वेगवान असेल तर बाजूला होऊन त्याला पुढे सोडावे. हरवलेली चकती शोधण्यासाठी सगळा गट झुडपांत उतरतो, आणि मुले या कामी मोठ्यांहून तत्पर असतात. खेळाच्या ओघात आजी नातवाला झाडाची साल दाखविते, मुलगी वडिलांना फोरहँड शिकविते, नवागत विद्यार्थी जुन्या रहिवाशांकडून नोकरीच्या चार गोष्टी जाणून घेतो. एरवी समारंभाच्या गर्दीत ज्यांची भेट नमस्कारापुरतीच होते त्यांना येथे निवांतपणे एकमेकांसवे चालावयास मिळते. मराठीचे जतन म्हणून आपण जे जे उपक्रम करतो त्यांत या चालण्याची गणना व्हावी, असे मला मनापासून वाटते; कारण मुले भाषा व्याख्यानांतून जितकी उचलतात त्याहून अधिक अशा सहज संभाषणांतून उचलतात.

कला आपल्या जन्मभूमीबाहेर जाऊन अधिक बहरते, याचीही साक्ष हा खेळ देतो. कॅलिफोर्नियातून निघून तो फिनलंड आणि एस्टोनियाच्या सूचिपर्णी अरण्यांत जाऊन पोचला, तेथील लोकांनी त्याला आपलासा केला, आणि एस्टोनियाच्या क्रिस्तिन तत्तार यांनी 2022 व 2023 साली लागोपाठ महिलांचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. ज्यांनी स्वतःच दूरदेशी मुळे रुजविली आहेत अशा आपल्या समाजाला या घटनेतला आनंद समजण्यासाठी वेगळे विवरण नको. जे आपलेसे केले जाते, ज्याची निगा राखली जाते, ते कोणत्याही भूमीत जगते.

आणि निगा हाच या लेखाचा शेवटचा आणि मुख्य मुद्दा आहे. निःशुल्क मैदान फुकट उभे राहत नाही; त्याचा खर्च कोणीतरी आपल्या वेळेतून आणि घामातून भरीत असतो. अशा मैदानांवर सुटीच्या दिवशी सकाळी लवकर येऊन कचरा वेचणारे, तुटलेल्या साखळीची कडी बदलणारे, पावसाने वाहून गेलेली पायवाट दुरुस्त करणारे, खेळाडूंच्या पायांखाली ओकच्या मुळांभोवतीची माती घट्ट होऊन झाडे गुदमरू नयेत म्हणून लाकडाच्या ढलप्या पसरणारे, आणि या सर्वांसाठी उद्यान खात्याच्या कचेरीत जाऊन मंजुरी मिळविणारे स्वयंसेवक असतात. त्यांना वेतन नाही, आणि त्यांची नावे कोठल्याही फलकावर सापडत नाहीत. त्यांच्या श्रमदानाची फळे आपण आनंदाने उपभोगीत आलो आहोत. म्हणून आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझी नम्र सूचना आहे की वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत, हिवाळी पाऊस सुरू होण्यापूर्वीचा एक दिवस, उद्यान खात्याच्या अनुमतीने आणि स्थानिक खेळाडूंच्या मार्गदर्शनाखाली, या ओकवनाच्या श्रमदानासाठी राखून ठेवावा. त्या दिवशी सकाळी काम करावे, दुपारी पंगत मांडावी, आणि सायंकाळी मंडळाच्या खर्चाने घेतलेल्या काही पटर चकत्या नवख्या कुटुंबांच्या हाती देऊन त्यांना पहिल्या टीवर उभे करावे. त्यासाठी अंदाजपत्रकात करावी लागणारी तरतूद अल्प आहे. आपल्या मुलांना या उद्यानातून खेळ मिळाला, सोबत मिळाली आणि झाडांची ओळख मिळाली. त्या उद्यानाच्या देखभालीत आपला वाटा उचलणे हा मंडळाच्या सांस्कृतिक कार्याचाच भाग मानला जावा, आणि येत्या सभेत तसा ठराव एकमताने संमत व्हावा, अशी माझी सर्व सभासदांना कळकळीची विनंती आहे.