दहापर्यंत मोजणारे लूप

संगणकाच्या शालेय पुस्तकांत ‘लूप’ आणि ‘इफ’ यांची ओळख बहुधा एकाच वाटेने होते. लूप १ ते १० अंक छापते किंवा पाढा म्हणते. ‘इफ’ संख्या सम की विषम ते सांगते. ही उदाहरणे चूक नाहीत. पण त्यांतून दोन गैरसमज रुजतात, असे आम्हांला वाटते : लूप लवकरच संपते आणि अटीतली बरोबरी नेमकी साधते. यंत्र हालवणारा प्रोग्रॅम लिहू लागताच दोन्ही समज कोसळतात.

भीमाशंकरच्या पूर्वेला, जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० डिशपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाशातला स्रोत ४ मिनिटांत १ अंशापर्यंत सरकतो. डिशने त्याचा माग घ्यायचा असतो.

पुस्तकी वळणाने लिहायचे तर आज्ञा अशी होईल : ‘कोन हवा तेवढा होईपर्यंत मोटर फिरव.’ पण कोनाची मोजणी टप्प्याटप्प्याने होते. दोन मोजण्यांच्या मधे नेमकी बरोबरी निसटून जाईल आणि डिश फिरतच राहील. बरोबरी साधली, तरी एवढे मोठे धूड जडत्वामुळे पुढे जाईल. म्हणून नियंत्रक ‘झाले का?’ असे न विचारता ‘फरक किती?’ असे विचारतो. फरक कमी होईल तसा वेग कमी. लक्ष्यही सरकतेच आहे, तेव्हा मोज, वजा कर, वेग दे, पुन्हा मोज, हे चक्र निरीक्षण संपेपर्यंत चालू राहते.

तिसरी उणीव अटींच्या क्रमाची. सम आधी तपासा की विषम, उत्तर तेच येते. इथे तसे नाही. वारा मर्यादेबाहेर गेला, तर स्रोत सोडून डिशचे तोंड थेट वर करून ती उभी करावी लागते. ही अट माग घेणाऱ्या लूपच्या नंतर लिहिली, तर वादळात तिची पाळीच येणार नाही. ती लूपच्या आत, सर्वांत आधी हवी.

पाढे राहू द्यावेत. जोडीला एक खेळ घ्यावा. डोळे बांधलेल्या विद्यार्थ्याला खडूच्या रेषेपर्यंत चालवा, दुसऱ्याने दर पावलाला अंतर सांगावे. मग रेषाच हळूहळू सरकवा. वाटेत अडथळा आला, तर आधी काय तपासायचे, हे मुलेच सांगतील.